दोन मुलं, दोन रात्री, पहिलंच रान: सामानात काय राहिलंय?

निळी_सॅक

नमस्कार. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे नवरा, मी, १० वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी, दोन रात्री रानात तंबू ठोकून राहणार आहोत. गाडी जिथे थांबते तिथून मुक्कामाची जागा ४ किलोमीटर आत आहे. शेजारून ओढा वाहतो. रात्री पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो, असं तिथे राहून आलेल्यांनी सांगितलं. मोबाइलला रेंज गाडीपाशी मिळते, पुढे मिळत नाही.

लग्नाआधी आम्ही दोघंही भरपूर भटकलेलो आहोत, त्यामुळे चालण्याची, मुक्कामाची सवय आहे. मुलांना घेऊन मात्र ही पहिलीच वेळ. आत्तापर्यंत जमवलेलं सामान असं: चार माणसांचा तंबू, चार स्लीपिंग बॅगा (मुलांच्या बॅगांवर ‘५ अंश’ लिहिलंय), आम्हा दोघांसाठी फुगवायच्या मॅट, मुलांसाठी जाड सतरंजीची घडी, गॅसची छोटी शेगडी, पाणी गाळायचा फिल्टर, दोन हेडटॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, चाकू, २० मीटर दोर, चार थर्मल ब्लँकेट आणि एक शिट्टी, जी माझ्या सॅकच्या पट्ट्याला आहे.

विचारायचं ते तीन गोष्टींबद्दल. मुलांच्या बॅगा पुरतील का? नवऱ्याच्या मनात उपग्रहावरून मदत मागणारं यंत्र घ्यायचं आहे, ते घ्यावं का? आणि मुलाला ‘सर्व्हायव्हल’ शिकायचंय. व्हिडिओ बघून बघून त्याला चकमकीने आग पेटवायची आहे, फांद्यांचा निवारा करायचा आहे. आधी काय शिकवू?

खरं सांगायचं तर चौथाही प्रश्न आहे. रात्री अंथरुणावर पडलं की मनात येतं, सहा वर्षांच्या मुलीला एवढं आत न्यावं का? तिला विचारलं तर ती आत्ताच निघायला तयार आहे.

उबदार_कोपरा

ताई, आधी मॅटचं बोलतो, कारण यादीतली सगळ्यात मोठी उणीव तिथे आहे. मोठे मॅटवर आणि मुलं सतरंजीवर असं अजिबात नको. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. स्लीपिंग बॅग गरम ठेवते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि अंगाखाली दबलेल्या भागात ती हवाच उरत नाही. म्हणजे खालच्या बाजूने बॅग जवळजवळ नसल्यासारखीच असते. तिथे काम करते ती मॅट.

मॅटवर ‘आर’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. जितका मोठा, तितकी ती जमिनीचा गारठा जास्त अडवते. हा आकडा मोजायची सामायिक पद्धत २०१८ मध्ये ठरली, एएसटीएम एफ ३३४० या नावाने. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. म्हणून कुणी जुनी मॅट देऊ केली तर तिच्यावरचा आकडा नव्या मॅटशी ताडून पाहू नका. घडीची साधी फोमची मॅट २ च्या आसपास असते. तुमच्या रात्रींसाठी मी मुलांच्या अंगाखाली ३ ते ४ धरीन. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आकड्यांची बेरीज होते. मी नेहमी खाली फोम आणि वर फुगवायची मॅट टाकतो, कारण फुगवायची फुटली तरी फोम कुठे जात नाही.

आता ‘५ अंश’. मोठ्यांच्या बॅगांसाठी एक प्रमाण आहे, आधी युरोपचं ईएन १३५३७ होतं आणि आता आयएसओ २३५३७ आहे. त्यात तीन तापमानं येतात. पहिलं आरामाचं, दुसरं जेमतेम निभावून नेण्याचं आणि तिसरं फक्त जीव वाचण्याचं. दुकानात बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा आकडा ठळक छापलेला दिसतो, तेव्हा तुमच्या दोघांच्या बॅगांवर आरामाचा कुठला ते आधी शोधा. मुलांच्या बॅगांना मात्र हे प्रमाण लागूच होत नाही. त्यावरचे ५ अंश हा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज आहे. मी तो १० समजून चालेन आणि आत कोरड्या लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, कानटोपी आणि फक्त झोपण्यासाठी राखलेले पायमोजे देईन.

बॅग मुलीपेक्षा लांब असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून दोरीने बांधा. नाहीतर ती रिकामी जागा गरम करण्यात तिची ऊब खर्ची पडते. घट्ट बुचाच्या बाटलीत सोसवेल इतकं गरम पाणी भरून, बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर फार छान झोप लागते. बूच दोनदा तपासा, उलटी करून बघा.

थर्मल ब्लँकेट ठेवा, पण जमिनीवर अंथरून त्यावर झोपायचं म्हणून नको. ते वारा अडवतं, अंगाची ऊब परत अंगाकडे फिरवतं. मात्र ते कागदासारखं पातळ असतं, खालचा गारठा त्याने अडत नाही.

निघण्याआधी एक रात्र गच्चीवर किंवा अंगणात सगळ्यांनी याच सामानात काढा. काय कमी पडतंय ते पहाटे तीनला आपोआप कळतं.

झाडापाशी_थांब

निळी_सॅक ताई, तुमची यादी वाचताना मी दोन ठिकाणी अडकले. ‘दोन हेडटॉर्च’ आणि ‘शिट्टी माझ्या सॅकच्या पट्ट्याला’. आमचीही यादी अगदी अशीच होती. म्हणून जे झालं ते सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरला ११ चा, धाकटी ७ ची. मुक्कामाची दुसरी संध्याकाळ. ऊन डोंगराआड गेलं होतं, पण अजून दिसत होतं. मी शेगडीपाशी, नवरा तंबूचे दोर ताणत होता, मुलगा काटक्या गोळा करत होता. धाकटी ‘शूला जाऊन येते’ म्हणाली आणि वीसेक पावलांवरच्या झुडपांमागे गेली. जाताना मी तिला पाहिलं. थोड्या वेळाने मान वर केली तेव्हा मला वाटलं ती दादाबरोबर आहे. नवऱ्याला वाटलं माझ्याबरोबर आहे. मुलगा परत आला आणि म्हणाला, “ती कुठंय?”

पुढची ४० मिनिटं मी मिनिटामिनिटाने सांगू शकते.

आम्ही तिघं तीन दिशांना धावलो. तंबूपाशी कुणीही थांबलं नाही. ती परत आली असती तर तिला रिकामा तंबू दिसला असता. झुडपांमागच्या मऊ मातीत तिच्या बुटांचे ठसे असणार होते, ते आम्हीच तुडवले. आणि आम्ही सतत ओरडत होतो, गप्प राहून ऐकत कुणीच नव्हतं. दहा मिनिटांनी नवऱ्याने माझा दंड धरून मला गप्प केलं. मग आम्ही एक हाक मारायची आणि मनात तीसपर्यंत मोजत ऐकायचं, असं सुरू केलं. तरी काही नाही. अंधार पडला.

ती उताराच्या बाजूला, तंबूपासून फार तर २०० मीटरवर, एका आडव्या पडलेल्या खोडाला पाठ लावून बसलेली सापडली. हेडटॉर्चच्या उजेडात तिच्या बुटावरची चकाकणारी पट्टी आधी दिसली, मग ती. ओठ निळसर पडले होते, दात वाजत होते. ती झुडपांच्या दुसऱ्याच अंगाने बाहेर पडली होती. समोर तंबू दिसेना म्हणून घाबरून भराभर चालत सुटली होती.

उराशी धरून पहिलं काय विचारलं असेल तर, “अगं, हाका ऐकू येत होत्या का तुला?” ती म्हणाली, “हो.” “मग ओ का दिली नाहीस?”

“तुम्ही दोघं खूप चिडला होतात ना.”

आमच्या आवाजातली भीती तिला राग वाटली होती. लांब गेल्याबद्दल मार बसेल म्हणून ती खोडाला चिकटून गप्प बसली होती. तिचं जाकीट तंबूत होतं, टॉर्च तंबूत होता, आणि शिट्टी माझ्या सॅकला होती. सगळं चांगल्या प्रतीचं, सगळं तिच्यापासून २०० मीटर लांब.

परत आल्यावर मी मिळेल ते वाचून काढलं. तेव्हा कळलं की आमच्या बाबतीत घडलं ते नवीन नव्हतं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर ९ वर्षांचा एक मुलगा हरवला. शेकडो माणसांनी शोधूनही तो जिवंत सापडला नाही, गारठ्याने गेला. त्या शोधात अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातले नावाजलेले माग काढणारे ॲब टेलर होते. त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांना शिकवायचा एक साधा कार्यक्रम उभा केला. त्याचा गाभा हाच की हरवलास तर एक झाड धर आणि तिथेच थांब. मुलं हाकांना ओ देत नाहीत, शोधणाऱ्यांपासून लपतात, कारण त्यांना शिक्षेची भीती असते किंवा अनोळखी माणसाशी बोलायचं नाही असं आपणच शिकवलेलं असतं. हे त्या लोकांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे काय बदललं ते सांगते. दोन्ही मुलांच्या कमरेला एक छोटा पट्टा-पाउच असतो. तो सकाळी डोळे उघडल्यावर बांधायचा आणि झोपताना उशाशी ठेवायचा. शूला जातानाही तो कमरेलाच. त्यात आत गोळी नसलेली शिट्टी (गोळीची शिट्टी ओली झाली की अडकते), स्वतःचा छोटा टॉर्च, आणि भडक केशरी रंगाची मोठी कचऱ्याची पिशवी. पिशवीला चेहऱ्यापुरतं भोक आम्ही घरीच कापून ठेवतो. हे विसरू नका, भोक नसलेली पिशवी मुलाच्या डोक्यावरून कधीही जाता कामा नये. पिशवी अंगात घालून झाडाशी बसलं की वारा आणि पाऊस अडतो, आणि लांबून दिसतं. बाकी खाऊ, पाणी वगैरे सॅकमध्ये काहीही असू दे, या तीन वस्तू अंगावरच हव्यात.

मग तालीम. नुसतं सांगून मुलांना काही होत नाही, करून घ्यावं लागतं. मोकळ्या मैदानात, भरपूर झाडं असतील अशा ठिकाणी, धाकटीला ‘हरवायला’ लावायचं. तिने झाड निवडायचं, अंगाखाली पानं किंवा पाठपिशवी घ्यायची, पिशवी घालायची, बसायचं, तीन शिट्ट्या वाजवायच्या, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा तीन. शोधायला थोरला. आणि सापडल्यावर आम्ही दोघं दर वेळी तेच वाक्य बोलतो, “हरवल्याबद्दल या घरात कुणी रागावत नाही.” पहिल्या वेळी ती ऐकून नुसती हसली. चौथ्या-पाचव्या वेळी तिने विचारलं, “खरंच?” तेव्हा मला कळलं की ते आत्ता कुठे आत पोचलं. तिच्या नावाने हाक मारत येणाऱ्या अनोळखी माणसालाही ओ द्यायची, हे वेगळं शिकवावं लागलं.

अजून दोन गोष्टी, प्रत्येकी एका मिनिटाच्या. ॲल्युमिनियमची फॉइल घडीच्या टॉवेलवर पसरून मुलाला बुटासकट त्यावर पाय द्यायला लावा. तळव्याची नक्षी उमटते. नाव लिहून ती गाडीत ठेवा. माग काढणाऱ्याला शेकडो ठशांतून तुमच्या मुलाचा ठसा कुठला ते त्यावरून कळतं. आणि रोज सकाळी तंबूबाहेर मुलांचा उभा, पूर्ण फोटो काढा. घाबरलेल्या अवस्थेत मला माझ्या मुलीच्या टी-शर्टचा रंग आठवला नव्हता.

मुलाला काय शिकवायचं ते विचारलंत. आधी थांबायला, मग कोरडं राहायला, मग दिसायला आणि ऐकू यायला. आग त्यानंतर. चकमक त्याला जरूर द्या, त्यात फार मोठा आनंद आहे, पण शेजारी बसून आणि आधी काडेपेटीवर हात बसल्यावर. ओली लाकडं, गारठलेली बोटं, एकटं मूल, अशा वेळी आग पेटेल या भरवशावर त्याने राहू नये. चाकूही शिकवा. आमचा थोरला आता तंबूच्या खुंट्या स्वतः तासतो.

आणि तुमचा चौथा प्रश्न. न्या ताई. आम्ही पुढच्याच हंगामात परत गेलो, त्याच जागी. धाकटीनेच हट्ट धरला. निघताना सगळ्यांच्या कमरेला हात लावून पाउच आहेत का ते तिने तपासलं, बाबांचाही.

ओढ्याकाठी

वरचं वाचून अंगावर काटा आला. तरी एक शंका. मुलांना ‘थांबा’ शिकवण्यापेक्षा वाट काढायला शिकवावं असं मला वाटतं. युलियाना कोएप्के १७ वर्षांची होती. २४ डिसेंबर १९७१ ला पेरूच्या जंगलावर विमान कोसळलं, ती एकटी वाचली, आणि वडिलांनी सांगितलेलं आठवून ओढ्याच्या प्रवाहाबरोबर ११ दिवस चालत माणसांपर्यंत पोचली. थांबली असती तर?

झाडापाशी_थांब

दादा, तुमचं उदाहरण खरं आहे आणि तिने केलं ते बरोबरच केलं. पण तिची परिस्थिती बघा. ती नेमकी कुठे पडली ते कुणालाच माहीत नव्हतं, वरून गर्द झाडी, आणि विमानं शोधत फिरली तरी त्यांना ती दिसणं शक्य नव्हतं. तिच्यापाशी कुणी पोचणार नव्हतं. शिवाय तिचे आईवडील जीवशास्त्रज्ञ, त्याच जंगलात त्यांचं संशोधन केंद्र होतं आणि ती तिथे राहिलेली होती. ते रान तिच्या ओळखीचं होतं.

माझी मुलगी ७ वर्षांची होती आणि तिची आई २०० मीटरवर होती.

ओढ्याचं आणखी एक. वाहत्या पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, शिट्टीसुद्धा बुडते. आणि ओढा कुठे जातो? पुष्कळदा कड्यावरून खाली. लहान मुलाला मी पाण्यापासून लांबच बसायला सांगेन.

२०२३ मधली कोलंबियातली चार भावंडं तुम्हाला आठवत असतील. १ मे ला विमान पडलं, ९ जूनला ती जिवंत सापडली, ४० दिवसांनी. सगळ्यात मोठी मुलगी १३ वर्षांची, सगळ्यात धाकटं बाळ ११ महिन्यांचं. रानात काय खाता येतं ते त्या मुलीला घरच्यांनी, आजीने शिकवलेलं होतं, म्हणून ती जगली. पण शोधपथक काय करत होतं ते पाहा. हेलिकॉप्टरला लाउडस्पीकर लावून त्याच आजीचा आवाज, त्यांच्याच भाषेत, रानावर ऐकवत होते. आजी सांगत होती, आहात तिथे थांबा.

पथकातला

मी ७ वर्षं डोंगरी बचाव पथकात स्वयंसेवक आहे. वरच्या ताईंनी लिहिलंय त्यातला शब्द अन् शब्द आम्ही रोज बघतो. ‘थांबा’ मागचं गणित सांगतो. मूल ताशी २ किलोमीटरने चाललं असं धरा. अर्ध्या तासात ते १ किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतं, म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटर. एका तासाने साडेबारा. दोन तासांनी ५०. तेवढीच माणसं, तेवढाच उजेड. जागेवर बसलेलं मूल आम्हाला ते वर्तुळ लहान ठेवून देतं.

मूल दिसेनासं झालं तर एक मोठा माणूस तंबूपाशीच थांबला पाहिजे, उजेड लावून. ते जिथे शेवटचं दिसलं त्या जागेभोवती दोर किंवा ओढणी टाका आणि आत कुणी पाय ठेवू नका. १५-२० मिनिटं नीट ऐकत शोधूनही सापडलं नाही, तर एकाने रेंजच्या ठिकाणाकडे निघायचं. ‘अजून थोडं बघू’ म्हणत लोक दोन-तीन तास घालवतात आणि आम्हाला अंधारात बोलावतात. लवकर बोलावलंत आणि आम्ही पोचायच्या आत मूल सापडलं, तर आमच्याइतका आनंद कुणालाच होत नाही.

शिट्टीबद्दल जरा भर घालतो. तीन शिट्ट्या बहुतेक ठिकाणी कळतात. आल्प्समधली जुनी पद्धत मात्र मिनिटाला सहा, मग मिनिटभर थांबणं, आणि उत्तर मिनिटाला तीन. लहान मुलांना तीनच शिकवा, लक्षात राहतं.

गारठ्याकडे फार लक्ष द्या. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो, आणि लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा लवकर गार पडतात. कुडकुडणं सगळ्यांना कळतं. त्याआधीची चिडचिड, अचानक गप्प होणं, अडखळत चालणं, जड जीभ यांकडे दुर्लक्ष होतं. कुडकुडणारं मूल ऊब न मिळताच कुडकुडायचं थांबलं तर ते बरं होत नसून आणखी बिघडत असतं. ओले कपडे काढा, कोरडे घाला, जमिनीपासून वर घ्या, टोपी घाला, बॅगेत गुंडाळा. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर कोमट गोड पेय द्या. हातपाय चोळत बसू नका. सुती कपडे एकदा भिजले की अंगाला चिकटून ऊब ओढतात, चालताना मुलांच्या अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक असू द्या.

शेगडी तंबूत कधीही पेटवू नका, पाऊस असला तरी नको. निखारेही आत नकोत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच माणसं जातात.

पाण्याचा फिल्टर बहुधा ०.१ मायक्रॉनचा असेल, म्हणजे त्याची भोकं तेवढी बारीक. तो जिवाणू आणि त्याहून मोठे जंतू अडवतो, विषाणू त्यातून निसटतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला वस्ती किंवा गुरं असतील तर गाळून वर खळखळून उकळी येऊ द्या, मिनिटभर. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

उपग्रहाचं यंत्र परवडत असेल तर चांगलंच. ४०६ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन रेडिओलहरींवर चालणारं असेल तर ते आधी आपल्या नावावर नोंदवावं लागतं, तेव्हाच संदेश कुणाचा ते शोध यंत्रणेला कळतं. काही देशांत अशी उपकरणं बाळगायला परवाना लागतो, ते आधी तपासा. पण यंत्र घ्या किंवा नका घेऊ, घरी एक कागद ठेवा. वाट कुठली, मुक्काम कुठे, गाडीचा नंबर, परतायची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कुणाला फोन करायचा.

चालण्याच्या वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशोब आजही वापरतात. ५ किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. सहा वर्षांच्या मुलीबरोबर त्याच्या दुप्पट धरा, आणि अंधार पडायच्या दोन तास आधी तंबू उभा पाहिजे असं उलटं मोजत निघायची वेळ ठरवा. त्या दोन तासांत आमचं बरंच काम वाचतं.

निळी_सॅक

उशिरा उत्तर देतेय, कारण आधी करून बघायचं होतं.

फोमच्या चार मॅट घेतल्या. शिट्ट्या आणखी तीन, टॉर्च दोन. यंत्र या वेळी नाही, कागद मात्र तयार आहे.

शनिवारी गच्चीवर झोपलो. उबदार_कोपरा, तुम्ही म्हणालात तसं पहाटे तीनलाच कळलं, पण थंडीचं नाही. मुलीला शू लागली आणि तिला बॅगेची चेन आतून उघडता येईना. अंधारात तिच्या बोटांना ते इवलंसं टोक सापडतच नव्हतं. ती रडायच्या बेतात होती. सकाळी दोन्ही मुलांच्या बॅगांच्या चेनला जाड दोरीची चकचकीत कडी बांधली आणि डोळे बांधून दहा-दहा वेळा उघडायला लावली.

रविवारी झाडीत तालीम केली. मुलाला वाटलं होतं यात काय एवढं, पण केशरी पिशवी घालून दहा मिनिटं एकटं बसायची त्याची पाळी आली तेव्हा तो परतल्यावर माझ्या शेजारून हलेना. मुलगी तीन वेळा हरवली, तीनही वेळा सापडली. तिसऱ्या वेळी शिट्टी ऐकू आली तरी जागा कळेना. ती जाड खोडाच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून बसली होती. आता नियम असा केलाय की झाडाला पाठ टेकायची आणि मोकळ्या बाजूला तोंड करायचं.

झाडापाशी_थांब ताई, ते वाक्य मी म्हटलं. मुलगी लगेच “बरं” म्हणाली. दादाने विचारलं, “आणि मी तिला हरवू दिलं तर?” मला त्याचं उत्तर तिथल्या तिथे सुचलं नाही. नवऱ्याने त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की तिच्यावर लक्ष ठेवायचं काम आम्हा दोघांचं, तुझं नाही. तिला आत्ता कोण बघतंय हे आता आम्ही दोघं मोठ्याने बोलून एकमेकांकडे सोपवतो, “मी बघतेय”, “आता मी बघतोय”, असं.

शुक्रवारी सकाळी निघतोय. कागद मोठ्या जाऊबाईंकडे दिलाय. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत माझा फोन आला नाही तर आठ वाजता कुणाला कळवायचं, तो नंबर त्यावर लाल शाईने लिहिलाय. बुटांच्या ठशांच्या दोन फॉइल गाडीच्या कप्प्यात आहेत.